मदत हवी आहे: ‘दृढकथन करणे’ म्हणजे नेमकं काय? ‘शपथ’ खोडून तेवढंच ठेवलं तर चालतं का?

मलप्रभाकाठ
तातडीचं आहे. उद्या अकराला नोटरीकडे जायचंय. प्रतिज्ञापत्राच्या मसुद्याच्या पहिल्याच ओळीत ‘ईश्वरसाक्ष शपथ घेतो / गांभीर्यपूर्वक दृढकथन करतो की’ असं छापलंय. सही करणारी व्यक्ती देवाची शपथ घ्यायला अजिबात तयार नाही. दुसऱ्या शब्दाचा अर्थ काय? तेवढाच ठेवला तर कागद कच्चा पडेल का? कन्नडमध्ये काय म्हणायचं तेही सांगा. ‘ठामपणे सांगणे’ एवढंच सगळे सांगतात, त्याने माझं काम होत नाही.

टिळकवाडी_वाचक
कागद द्यायचाय कुठे? कोर्टात, तहसीलमध्ये की बँकेत? आणि मसुदा मराठीत असेल तर कन्नड शब्द कशाला हवाय? हे सांगितल्याशिवाय नेमकं उत्तर देता येणार नाही.

अर्थापुरतं सांगतो. संविधानाच्या तिसऱ्या अनुसूचीत शपथेचे नमुने आहेत. त्यांच्या मराठी पाठात हेच दोन पर्याय दिलेत. देवाला साक्षी ठेवायचं असेल तर ‘ईश्वरसाक्ष शपथ घेतो’, नसेल तर ‘गांभीर्यपूर्वक दृढकथन करतो’. म्हणजे दृढकथन ही शपथेची हलकी आवृत्ती नव्हे. खरं बोलण्याचं बंधन तेच राहतं, साक्षीदार म्हणून देव मध्ये नसतो एवढंच. हिंदी पाठात त्या जागी ‘सत्यनिष्ठा से प्रतिज्ञान’ आहे.

निपाणी_मसुदा
चालतं. निःशंक चालतं. शपथ अधिनियम 1969 च्या कलम 6 खाली जे नमुने आहेत त्यांत प्रतिज्ञापत्रासाठी वेगळा नमुना आहे. त्यातही शपथ आणि दृढकथन दोन्ही तिरक्या रेघेने दिलेत. सर्वसाधारण वाक्खंड अधिनियम 1897 मध्ये तर ‘शपथ’ या शब्दाच्या व्याख्येतच हा पर्याय धरलाय. तेव्हा कच्चा कागद वगैरे काही नाही.

चूक होते ती दुसरीकडे. लोक दोन्ही पर्याय तसेच ठेवतात. ‘शपथ घेतो / दृढकथन करतो’ असं तिरक्या रेघेसकट टाईप होऊन येतं आणि कुणी खोडत नाही. नको असलेला पर्याय टाईप करतानाच काढा. स्टॅम्पवर छापून झालं असेल तर एका रेघेने खोडा, बाजूला त्या व्यक्तीची छोटी सही घ्या आणि नोटरीचीही घ्या. व्हाइटनर लावू नका. खाली काय होतं ते दिसत नाही म्हणून कारकून कागद परत करतो.

शब्दवेध
व्याकरणाकडे कुणी बघत नाही म्हणून लिहितो. कथन हे नपुंसकलिंगी नाम, त्याला ‘करणे’ लागतं. ‘दृढकथन घेतो’ आणि ‘दृढकथन देतो’ दोन्ही चूक. शपथ मात्र आपण घेतो, दुसऱ्याला देतो आणि गळ घालायची असेल तर ‘घालतो’. या सवयीमुळे ‘घेतो’ हे क्रियापद दृढकथनालाही चिकटवलं जातं. भूतकाळात ‘तिने दृढकथन केले की’. पुढे ‘की’ आणि पूर्ण वाक्य हवं. ‘मी माझ्या नावाचे दृढकथन करतो’ ही रचना लंगडी आहे. ‘मी दृढकथन करतो की, माझे नाव अमुक आहे’ असं लिहा.

रोजच्या बोलण्यात हा शब्द वापरूच नये. ‘त्याने दृढकथन केले की पाऊस येईल’ असं कुणी लिहिलं तर तिथे ‘ठामपणे सांगितले’ हवं. या क्रियापदामागे खोटं ठरल्यास शिक्षेची जबाबदारी असते, आणि पुढे काय होईल याची जबाबदारी कुणी घेऊ शकत नाही.

घाटमाथा
एवढा जड शब्द कशाला? आमच्याकडे चंदगड, गडहिंग्लज भागात ‘सत्यप्रतिज्ञेवर कथन करतो’ असंच लिहितात. तलाठ्यापासून तहसीलदारांपर्यंत सगळ्यांना कळतं. तेच लिहा.

शब्दवेध
घाटमाथा, प्रतिज्ञा पुढच्या गोष्टीची असते. ‘मी अमुक करीन’ ही प्रतिज्ञा. घडलेल्या किंवा असलेल्या गोष्टीबद्दल प्रतिज्ञा कशी करणार? म्हणून कथन हाच शब्द बरोबर.

घाटमाथा
हे पटत नाही. न्यायदर्शन या जुन्या तर्कशास्त्रातले अनुमानाचे पाच अवयव आठवा: प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन. तिथली प्रतिज्ञा म्हणजे सिद्ध करायचं विधान. ‘पर्वतावर अग्नी आहे’ ही प्रतिज्ञाच, आणि तीत पुढे काही करण्याचा वायदा नाही. प्रतिज्ञा म्हणजे फक्त वचन, ही समजूत शाळेतल्या रोजच्या प्रतिज्ञेमुळे झाली आहे. शिवाय ‘सत्यप्रतिज्ञेवर कथन करतो’ यात कथन आहेच की.

शब्दवेध
पाच अवयवांचा मुद्दा मान्य, तो अर्थ जुना आणि खरा आहे. पण आज कागद वाचणाऱ्याच्या मनात तो नसतो. तरी ‘सत्यप्रतिज्ञेवर’ला माझी हरकत इथे संपली.

कणबर्गी
मूळ इंग्रजीत ‘अफर्म’ आहे, त्याची ‘ॲव्हर’शी गल्लत करू नका. ‘ॲव्हर’ हा लॅटिन ‘वेरुस’ म्हणजे खरा, त्यावरून आलेला शब्द. ‘व्हेरिफाय’ आणि ‘व्हर्डिक्ट’ त्याच घरातले. दाव्यात वकील ‘ॲव्हर’ करतो म्हणजे वस्तुस्थिती म्हणून मांडतो, पुरावा पुढे देतो. ‘अफर्म’ वेगळा, तो ‘फर्मुस’ म्हणजे घट्ट यावरून. दृढ शब्द तिथून बरोबर बसतो.

टिळकवाडी_वाचक
कणबर्गी, माहिती चांगली आहे, पण त्यांनी हे विचारलेलं नाही. मलप्रभाकाठ, कागद कुठे जाणार ते अजून सांगितलं नाहीत.

मलप्रभाकाठ
सॉरी, घाईत राहिलं. आजोबांच्या जमिनीची वारस नोंद आहे, जमीन महाराष्ट्रात, चंदगड तालुक्यात. प्रतिज्ञापत्र आत्याचं, ती कर्नाटकात खानापूरला असते. मराठी वाचते, पण हात थरथरतो म्हणून अंगठा लावणार. नोटरी इथलाच आणि त्याचा शिक्का कन्नड-इंग्रजी. तिथला टायपिस्ट म्हणतो ‘प्रमाणपत्र म्हणून करून देतो’. म्हणून कन्नडचं विचारलं.

निपाणी_मसुदा
मग सगळंच बदललं! आत्या आहेत, म्हणजे ‘करतो’ नव्हे, ‘करते’. संपूर्ण मसुद्यात बघा, दोन-तीन ठिकाणी ‘राहणार’च्या पुढे ‘करतो’ राहून जातो.

टायपिस्ट चुकत नाही, पण तुम्ही दोघं वेगळ्या भाषेत बोलताय. कन्नडमध्ये ‘प्रमाण’ म्हणजे शपथ. ‘प्रमाण माडुत्तेने’ म्हणजे शपथ घेतो. त्यामुळे अफिडेव्हिटला ते ‘प्रमाण पत्र’ म्हणतात. मराठीत प्रमाणपत्र म्हणजे दाखला. तुमच्या मराठी कागदावर ‘प्रमाणपत्र’ असं शीर्षक आलं तर पलीकडचा तलाठी विचारणार, दाखला कुणी दिला? शीर्षक ‘प्रतिज्ञापत्र’ ठेवा.

दुसरा फसवा शब्द ‘दृढीकरण’. कन्नडमध्ये ‘दृढीकरण पत्र’ म्हणजे दुसऱ्याने खरं आहे म्हणून दिलेला कागद आणि ‘दृढीकृत नकलु’ म्हणजे प्रमाणित प्रत. दृढकथन स्वतःचं असतं, दृढीकरण दुसरा करतो. दोन्ही शब्द सारखे दिसतात म्हणून टाईप करताना अदलाबदल होते. नोटरी करतो ते दृढीकरण, आत्या करतात ते दृढकथन.

सीमाभाग_हक्क
मुळात आपल्याला हे अनुवादाचे खेळ का करावे लागतात? अनुच्छेद 350 नुसार गाऱ्हाण्याचं निवेदन राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत देता येतं. मराठीतच द्या आणि मराठीतच पोच मागा.

टिळकवाडी_वाचक
अनुच्छेद 350 गाऱ्हाण्याच्या निवेदनासाठी आहे, प्रतिज्ञापत्रासाठी नाही. आणि त्यांचा कागद चंदगडला मराठीतच जातोय. त्यावर वेगळा धागा काढा, मी नक्की लिहीन.

घाटमाथा
मलप्रभाकाठ, आज दुपारीच तलाठ्याला फोन करून दोन गोष्टी विचारा. कर्नाटकातल्या नोटरीपुढचा, तिकडच्या स्टॅम्पवरचा कागद घेणार का? आणि प्रतिज्ञापत्रच हवं की साधं स्वयंघोषणापत्र चालेल? महाराष्ट्रात 2015 पासून बऱ्याच दाखल्यांना प्रतिज्ञापत्राऐवजी स्वयंघोषणापत्र चालतं. तिथे क्रियापद ‘घोषित करते’ असतं, नोटरी लागत नाही. पण वारसांच्या यादीला बहुतेक ठिकाणी प्रतिज्ञापत्रच मागतात.

निपाणी_मसुदा
आता खरा धोका कुठे आहे ते. पहिली ओळ कुणी फार वाचत नाही, शेवटचा परिच्छेद वाचतात. ‘वरील सर्व मजकूर माझ्या माहिती व समजुतीप्रमाणे खरा आहे’ असं सरसकट लिहू नका. आत्यांना स्वतःला काय ठाऊक आहे आणि कागदावरून काय कळलं हे वेगळं करा. भावंडं किती, कोण हयात, हे स्वतःच्या माहितीतलं. आजोबांच्या मृत्यूची तारीख मृत्यू दाखल्यावरून, गट नंबर सातबाऱ्यावरून. परिच्छेदांना आकडे द्या आणि लिहा: ‘परिच्छेद 1 ते 3 मधील मजकूर माझ्या स्वतःच्या माहितीनुसार आणि परिच्छेद 4 व 5 मधील मजकूर सोबतच्या कागदपत्रांवरून खरा आहे, असे मी मानते.’ दिवाणी दाव्यात ही फोड सक्तीची असते, इथेही ती उपयोगी पडते. एखादा आकडा सातबाऱ्यावरच चुकलेला निघाला तर आत्यांवर खोटं बोलल्याचा ठपका येत नाही.

वारसांच्या यादीत लग्न झालेल्या मुली गाळू नका. तीच चूक सर्वांत जास्त होते आणि तीच महागात पडते. भारतीय न्याय संहितेच्या कलम 229 खाली खोट्या पुराव्याला न्यायिक कामात 7 वर्षांपर्यंत, इतरत्र 3 वर्षांपर्यंत शिक्षा आहे. देवाचं नाव नव्हतं म्हणून यातून सुटका नाही.

टिळकवाडी_वाचक
अंगठ्याबद्दल. घरून लावून नेऊ नका, नोटरीसमोरच लावायचा. अंगठ्याशेजारी ‘निशाणी डाव्या हाताचा अंगठा’ आणि आत्यांचं पूर्ण नाव दुसऱ्याने लिहायचं, लिहिणाऱ्याने खाली स्वतःची सही करायची. शेवटी एक ओळ: ‘मजकूर मराठीत वाचून दाखविला, तो त्यांना समजला व मान्य आहे.’ वाचून दाखवणारा वेगळा असेल तर त्याचीही सही. माहेरचं आणि सासरचं नाव दोन्ही असतील तर ‘ही एकच व्यक्ती’ असा स्वतंत्र परिच्छेद हवा.

मलप्रभाकाठ
नावं दोन आहेतच, सातबाऱ्याला माहेरचं आणि आधारवर सासरचं. तलाठ्याशी बोललो. प्रतिज्ञापत्रच हवं म्हणाले, इथला नोटरी चालेल. पहिली ओळ अशी केली:

‘मी, (नाव), वय, व्यवसाय, राहणार खानापूर, गांभीर्यपूर्वक दृढकथन करते की,’

आत्याला मोठ्याने वाचून दाखवली. ती विचारते, ‘म्हणजे मी खरं सांगतेय आणि त्याला मी जबाबदार, एवढंच ना?’

शब्दवेध
तेवढंच. ‘राहणार’च्या आधी ‘वय’ आणि ‘व्यवसाय’ रिकामे राहिलेत, ते भरा.