सर्व्हरने मागितला तो ‘दाखला’ की ‘प्रमाणपत्र’?

बेळगावकर
एका पतसंस्थेच्या शाखांसाठी मराठी सूचनापत्रक लिहीत आहे. दिवसाअखेरची हिशेबाची फाइल मध्यवर्ती सर्व्हरवर चढवायची असते, आणि शाखेच्या संगणकात बसवलेले क्लायंट सर्टिफिकेट, म्हणजे तो संगणक कोणाचा हे सांगणारी डिजिटल फाइल, पटल्याशिवाय तो सर्व्हर जोडणीच होऊ देत नाही. जुन्या पत्रकात ‘फाइल दाखल्यासह पाठवावी’ असे वाक्य होते. चिकोडीकडच्या एका शाखेतील कारकुनाचे शिक्षण कन्नड शाळेत झालेले; कन्नडमध्ये ‘दाखले’ म्हणजे कागदपत्र, म्हणून त्याने पी-१२ फाइलच, म्हणजे सर्टिफिकेट आणि त्याची किल्ली (डिजिटल सही करण्याचा सांकेतिक आकडा) एकत्र असलेली फाइल, हिशेबासोबत अपलोड केली. ते सर्टिफिकेट रद्द करून नवे द्यावे लागले. आता ‘प्रमाणपत्र’ लिहावे, तर कन्नड वर्तमानपत्रे कोर्टातल्या प्रतिज्ञापत्रालाही तोच शब्द वापरतात. कोणता शब्द ठेवावा?

निपाणीकर
‘दाखला’च ठेवावा. जन्माचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला हे आपल्याकडे शेतावरच्या माणसालाही कळते. माझ्या मते घोळ ‘दाखल्या’ने केलेला नसून त्यापुढच्या ‘सह’ने केला आहे. सर्टिफिकेट फाइलीला जोडून जात नाही. जोडणी जुळतानाच, फाइलीचा एकही बाइट जाण्याआधी, सर्व्हर ते मागतो. ‘आधी दाखला निवडावा, जोडणी झाल्यावर फाइल चढवावी’ असे लिहिले, तर कोणीही चुकणार नाही.

शहापूरकर
मी असहमत आहे. ‘दाखला’ मूळचा अरबी, फारसीतून आलेला, आणि मराठीत त्याचा अर्थही एक नाही. इतिहासाचा दाखला देतो तेव्हा आपण उदाहरण किंवा पुरावा देत असतो. एक्स.५०९ हे या सर्टिफिकेटांचे मानक १९८८ पासून चालत आले आहे, म्हणजे वस्तू काटेकोर व्याख्येची आहे. तिला शब्दही एकाच अर्थाचा हवा. सीमाभागात मराठी पत्रक निघणे हेच आधी दुर्मीळ, तेव्हा जे निघेल ते पुण्यात किंवा कोल्हापुरात वाचले तरी त्याच अर्थाने कळले पाहिजे. कन्नडमध्ये शब्दाला निराळा अर्थ आहे म्हणून आपण आपला शब्द का सोडावा?

खानापूरकर
शहापूरकर सर, पत्रक पुण्यात वाचले जाणार नाही, ते चिकोडीत वाचले जाणार आहे. शिवाय आपण दोघेही सर्टिफिकेटालाच ओळखीचा पुरावा धरून चालला आहात. ते खरे तर जमिनीच्या उताऱ्यासारखे आहे: उतारा कोणीही काढू शकतो, तो हातात असल्याने जमीन आपली होत नाही. टीएलएस या जोडणी सुरक्षित करणाऱ्या पद्धतीच्या १.२ आवृत्तीत सर्टिफिकेट उघडेच जात असे, २०१८ च्या १.३ मध्ये ते कूटबद्ध होऊन जाते. पण दोन्हींत खरी परीक्षा पुढची आहे. तोवर झालेल्या संवादावर क्लायंटने आपल्या खाजगी किल्लीने सही करायची आणि सर्व्हरने ती सर्टिफिकेटातील जाहीर किल्लीने पडताळायची. खाजगी किल्ली संगणकाबाहेर जातच नाही. चिकोडीच्या कारकुनाने नेमकी तीच पाठवली, म्हणून प्रकरण गंभीर झाले. पत्रकात ठळक अक्षरांत हवे ते हे. आणि कृपा करून ‘ग्राहक’ लिहू नये; पतसंस्थेत ग्राहक म्हणजे खातेदार, इथे क्लायंट म्हणजे शाखेचा संगणक.

शहापूरकर
ही माहिती मोलाची आहे. मग त्या किल्लीला ‘गुप्त किल्ली’ म्हणावे, म्हणजे धोका नावातच येईल.

खानापूरकर
तसे केल्यास दुसरा गोंधळ होईल. दोन्ही बाजूंकडे एकच किल्ली असते त्या पद्धतीत तिला गुप्त किल्ली म्हणतात. इथे जोडी आहे, एक जाहीर आणि एक खाजगी.

निपाणीकर
किल्लीचा विषय निघाला म्हणून विचारतो, ‘चावी’ का नको? माझी मुंबईची भाची ‘किल्ली’ ऐकून थबकते.

शहापूरकर
‘चावी’ पोर्तुगीज आहे. ‘किल्ली’ सरळ संस्कृत ‘कील’वरून आलेली आहे, म्हणून तीच योग्य.

खानापूरकर
सरळ कशावरून? आमच्या गावी कन्नड शेजारी ‘कीली’ म्हणतात आणि मराठी घरांत ‘किल्ली’ म्हणतात. कोणी कोणाकडून घेतली हे उच्चारावरून ठरत नाही. वाट कन्नडमधून गेली असेल, तर सर तिलाही पत्रकातून काढणार का?

शहापूरकर
शतकानुशतके रुळलेला शब्द काढा, असे मी म्हटलेले नाही.

निपाणीकर
मग ‘दाखला’ कालपरवा आला काय?

बेळगावकर
पत्रक सोमवारी छापायला जाणार आहे. खानापूरकरांचे सहीचे आणि किल्लीचे वाक्य चौकटीत घेत आहे. वरच्या ओळीत सध्या ‘सर्टिफिकेट’ असेच लिहिले आहे. अंतिम शब्द कोणी सुचवल्यास बदलेन.

शहापूरकर
‘सर्टिफिकेट’ला माझा लेखी विरोध नोंदवावा. आणि ‘खाजगी’ नव्हे, ‘खासगी’ लिहावे. मूळ शब्द ‘खास’ आहे.