पावडर चोळून दोन हॅमस्टर एकत्र सोडा म्हणणाऱ्यांना

शाहूपुरीकर:
काल इथं पन्हाळारोड यांनी लिहिलं, "नवा हॅमस्टर आणला की दोघांच्या अंगाला पावडर चोळायची. वास एक झाला की एकाच पिंजऱ्यात सोडायचे. दोन दिवस भांडतील, मग भावासारखे राहतील." खाली सगळ्यांनी वा वा केलं. मला रात्रभर झोप नाही.

मी हेच केलं होतं. घरात एक सिरियन जातीचा, म्हणजे मोठ्या अंगाचा, हॅमस्टर नर होता. दुकानदार म्हणाला, एकटा कंटाळतोय, जोडीला दुसरा न्या. पहिले तीन दिवस दोघं एकाच घरट्यात झोपले. मी फोटो काढून सगळ्या पाहुण्यांना पाठवले. चौथ्या रात्री दोनच्या सुमारास बारीक पण कान फाटेल अशी किंकाळी आली. दिवा लावला तर नवा उताणा पडलेला आणि जुन्यानं त्याचं पोट धरलेलं. मी तसाच हात घातला, अंगठ्यातून रक्त काढलं त्यानं. वरून बघून नव्याच्या अंगावर जखम दिसत नव्हती. सकाळी डॉक्टरांनी पोटाखालचे केस बाजूला करून दाखवले, सगळी चाळण. संध्याकाळी गेला. गालात शाळूचे दाणे तसेच भरलेले होते.

सिरियन हा एकट्यानं राहणारा प्राणी आहे. रानात एका बिळात एकच प्रौढ असतो. मादीसुद्धा माजावर असेल तेवढ्यापुरतीच नराला जवळ येऊ देते, नंतर हाकलते. एका आईची पिल्लंसुद्धा सहा ते आठ आठवड्यांची झाली की वेगळी करावी लागतात. दोन्ही कुशींवर वासाच्या ग्रंथी असतात त्यांच्या, पावडरीनं तो वास जाईल होय? उलट ती धूळ छातीत जाते.

रंकाळाकाठ:
भावा, तुझं वाईट झालं, पण सरसकट बोलू नको. माझ्याकडं दोन रोबो आहेत, म्हणजे रोबोरोव्स्की, ड्वार्फ (बुटक्या) हॅमस्टरातली एक जात. दीड वर्षं एका टाकीत. खरचटलंसुद्धा नाही.

शाहूपुरीकर:
एका आईचे की वेगवेगळे?

रंकाळाकाठ:
एका आईचे. दोन्ही नर. तरी पण मी सगळं दोन-दोन ठेवलंय. दोन चाकं, दोन बाटल्या, दोन घरटी, आणि घरट्याला दोन तोंडं, म्हणजे एकानं दुसऱ्याला कोंडायला नको. कॅम्पबेल या दुसऱ्या ड्वार्फ जातीच्या बाबतीतही जमतं असं बघितलंय. नवा आणायचाच असेल तर आधी दोन आठवडे वेगळ्या खोलीत ठेवायचा, रोग नाही ना बघायचा. मग पिंजरे शेजारी, पण जाळीतून चावता येणार नाही एवढ्या अंतरावर. मग दोघांनाही अनोळखी अशा धुतलेल्या टबात दहा मिनिटं, आणि आपण जाड टॉवेल घेऊन शेजारी बसायचं. हे ड्वार्फचं. तेही जमेलच असं नाही.

शाहूपुरीकर:
मग मी काय वेगळं सांगतोय? सिरियन एकटाच, हे तरी मान्य कर.

रंकाळाकाठ:
सिरियनचं मान्य. पण तू "हॅमस्टर" म्हणून धागा काढलास, "सिरियन" म्हणून नाही.

बावड्याची_लेक:
तुम्ही दोघं जातीवरून भांडा. आमच्या घरात चौदा माणसं, एका चुलीवर जेवतो. मुक्या जिवाला जन्मभर एकटं कोंडायचं हे मला पटत नाही. दोन वर्षांचं तर आयुष्य त्यांचं.

शाहूपुरीकर:
ताई, एकटं राहणं ही आपल्याला शिक्षा वाटते. त्याला दुसरा शेजारी आला हीच शिक्षा आहे. त्याला खोल भुसा द्या, बीळ काढू द्या, पाठ वाकणार नाही एवढं मोठं चाक द्या.

बावड्याची_लेक:
खरी चूक दुकानदारांची आहे, त्यांच्यावर कोण बोलत नाही. मी पोरीला घेऊन गेलो होतो, "दोन्ही माद्या" म्हणून जोडी दिली. दोन आठवड्यांनी सकाळी बघतो तर भुशात गुलाबी गोळे, नऊ. मला वाटलं घाण झालीय, म्हणून पिंजरा स्वच्छ केला. दुपारपर्यंत आईनं चार खाल्ली. पोरगी आठवडाभर जेवली नाही.

तालमीतला:
मी दुकानात सहा वर्षं काम केलंय. गिऱ्हाईकच जोडी मागतं. एक दिला तर "एकटा कसा राहील" म्हणून परत आणून देतात. महिन्याच्या पिल्लात नर-मादी ओळखायला उजेडात धरून नीट बघावं लागतं. रविवारच्या गर्दीत कोण बघतंय?

बावड्याची_लेक:
मग विकू नका! ओळखता येत नाही आणि तोंड वर करून "माद्या" सांगता? पोटुशी मादी दिलीत म्हणजे सोळा दिवसांत पिल्लं, हे तुम्हाला माहीत नव्हतं?

तालमीतला:
माझ्यावर ओरडू नका. पगार घेणारा माणूस मी.

रंकाळाकाठ:
2018 चे पाळीव प्राणी दुकानांचे नियम आहेत. दुकानाची राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडं नोंदणी लागते. तुमच्या मालकाची होती का?

तालमीतला:
मला कधी दाखवली नाही. ठीक आहे, नर आणि मादी वेगळ्या पिंजऱ्यात ठेवायला पाहिजे होत्या, एवढं मानतो. मालकाला तेव्हा बोललो नाही, ते चुकलं.

पन्हाळारोड:
माझं नाव घेऊन धागा काढलाय म्हणून बोलतो. माझे तीन आठवडे झाले एकत्र आहेत. तुमच्या गोष्टीवरून माझं खोटं ठरत नाही.

शाहूपुरीकर:
कुठली जात?

पन्हाळारोड:
टेडी बेअर.

रंकाळाकाठ:
टेडी बेअर म्हणजे लांब केसांचा सिरियनच की रं.

शाहूपुरीकर:
वाद राहू दे. नवा कुठं झोपतो? खायला आधी कोण येतं?

पन्हाळारोड:
नवा चाकामागं कोपऱ्यात असतो. लाजाळू आहे. जुना खाऊन गेला की येतो.

शाहूपुरीकर:
तो लाजत नाही, लपतोय. आत्ता हातात घे, उलटा करून पोटाखालचे आणि मांडीजवळचे केस फुंकून बघ.

पन्हाळारोड:
बघितलं. मांडीजवळ दोन खपल्या आहेत. एक ओली. पावडरीचं लिहिलेलं काढून टाकतो. पण माझ्याकडं दुसरा पिंजरा नाही.

शाहूपुरीकर:
आज रात्रीपुरतं उंच बादलीत भुसा, पाणी, दाणे घालून ठेव, वर जाळी टाक. जुन्याजवळ परत सोडू नको. सकाळी ती ओली जखम डॉक्टरांना दाखव. माझा पिंजरा रिकामाच आहे, चाकासकट. येताना शाहूपुरीतून घेऊन जा.