पहिली बल्क ऑर्डर : ओव्हरसाइज टी-शर्ट, नाशिकहून. कुठे टाकू, किती टाकू?

गंगापूररोडवाली
नमस्कार मंडळी. ओव्हरसाइज टी-शर्टचा ब्रँड काढतेय. नाव ठरलंय, इन्स्टाचं पेज चालू आहे, ओळखीपाळखीत थोडे पीस विकले पण तो माल बाजारातून तयार घेऊन नुसता प्रिंट केलेला, फिटिंग माझं नव्हतं. आता स्वतःच्या मापाचा माल शिवून घ्यायचाय. बजेट सगळं धरून अडीच लाख, त्यातले काही आईचे आहेत म्हणजे बुडवायची सोय नाही. डोक्यात पाच रंग, एस ते डबल एक्सएल पाच साइज आणि तीन डिझाइन असं होतं. तिरुपूरच्या एका एजंटशी फोनवर बोलले तर तो म्हणतो २४० जीएसएम (एका चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन) कॉटन, २६० रुपये पीस, पण एका रंगाला कमीत कमी ३०० पीस आणि निम्मे पैसे अ‍ॅडव्हान्स. म्हणजे १५०० पीस, जीएसटी सोडूनच ३ लाख ९० हजार. एवढे नाहीतच! कमी करा म्हटलं तर हसला. इकडे सातपूरला एक युनिफॉर्मवाले काका आहेत ते म्हणतात कापड तू आण, शंभर पीस पण शिवून देतो. मैत्रीण म्हणते मालेगाव एवढं जवळ असताना कापडासाठी तामिळनाडू कशाला. कोणी टाकलीये का अशी ऑर्डर? कुठे टाकू, किती टाकू आणि कागदावर काय काय लिहून घेऊ?

कटिंगटेबल
ताई आधी त्या ३०० चं गणित समजून घ्या म्हणजे घासाघीस कुठे करायची ते कळेल. २४० जीएसएमचा ओव्हरसाइज टी-शर्ट कटिंगची वेस्टेज धरून किलोला तीन पीस बसतो, फार तर साडेतीन. म्हणजे ३०० पीसला साधारण १०० किलो कापड. होजिअरीचं कापड आधी कोरं विणलं जातं, मग डायिंगला जातं, आणि डायिंगवाला मशीन भरल्याशिवाय रंग चढवत नाही कारण वीस किलो टाका नाहीतर शंभर, त्याचा वेळ आणि माणूस तेवढाच अडकतो. तेव्हा अडचण पीसची नाहीच, रंगाची आहे. "पीस कमी करा" म्हणण्याऐवजी "तुमच्याकडे रंगवून तयार पडलेलं कापड कोणत्या रंगात आहे" असं विचारा. काळा, ऑफ व्हाइट, नेव्ही हे बहुतेक असतातच, त्यात कमी पीसलाही तयार होतात. रेट दहा-वीस रुपये चढा लावतील, लावू द्या.

दुसरं म्हणजे पाच रंग गुणिले पाच साइज गुणिले तीन डिझाइन, हे ७५ कप्पे झाले हो. ३०० पीस केलेत तर एका कप्प्यात चार टी-शर्ट! चांगल्या डिझाइनचा एल आठवड्यात संपेल आणि लव्हेंडरमधला एस पुढच्या दिवाळीपर्यंत कपाटात बसेल. दोन रंग घ्या. आणि प्रिंट आधी करूच नका, कोरेच शिवून आणा. कोरा काळा एल तिन्ही डिझाइनला चालतो, छापून ठेवलेला एकालाच. थोडे पीस असतील तोवर इकडेच डीटीएफ (फिल्मवर छापून गरम प्रेसने चिकटवतात ते) करून घ्या, एखादं डिझाइन उचललं की मग त्याची स्क्रीन, म्हणजे छपाईची जाळी, बनवा, स्क्रीनचा खर्च रंगागणिक लागतो त्यामुळे दहा-वीस पीसला परवडत नाही.

शुक्रवारसुट्टी
मालेगावचाच आहे म्हणून सांगतो, टी-शर्टसाठी इकडे येऊ नका. आमच्याकडे पॉवरलूम, म्हणजे ताणा-बाणा घालून विणलेलं कापड, तेही बरंचसं कोरं, जे पुढे प्रोसेसला बाहेर जातं. टी-शर्टचं कापड निटिंग मशीनवरचं, ती लाइनच वेगळी. पुढे शर्ट, कुर्ता काढलात तर या, इचलकरंजी आणि भिवंडीचेही रेट घ्या. फक्त शुक्रवारी येऊ नका, लूम बंद असतात.

रिकामटेकडा
एवढा उपद्व्याप कशाला, प्रिंट ऑन डिमांड करा, ऑर्डर आली की कंपनीच छापून पाठवते, स्टॉक शून्य, डोक्याला ताप शून्य.

गंगापूररोडवाली
@रिकामटेकडा तेच करून बघितलं की. त्यांचा ठरलेला टी-शर्ट, त्यांचाच खांदा, आणि कुरिअर धरून पीसमागे हातात काही उरत नाही. माझं म्हणणंच फिटिंगवर आहे.

अंबडवाली
सातपूरच्या काकांबद्दल बोलते, माझं स्वतःचं छोटं युनिट आहे, नाइटवेअर शिवतो. काका चांगलेच असतील पण त्यांच्याकडे जाऊन आधी मशीन बघ. युनिफॉर्मवाल्यांकडे सिंगल नीडल भरपूर असतात, पण टी-शर्टला ओव्हरलॉक (कडा गुंफून जोडणारं मशीन) आणि फ्लॅटलॉक (ताणणारी दुमड मारणारं) दोन्ही लागतात. फ्लॅटलॉक नसेल तर ते खालची दुमड साध्या शिलाईने मारून देतात, दिसायला छान सरळ दिसते, आणि गिऱ्हाईकाने डोक्यातून घालताना ओढलं की तटकन टाका तुटतो कारण कापड ताणतं आणि ती शिलाई ताणत नाही. आणि सुई गोल टोकाची वापरतात का ते विचार. साध्या टोकदार सुईने निटिंगचा धागा कापला जातो, शिवल्यावर काही दिसत नाही आणि दोन धुण्यांनंतर शिलाईच्या कडेने बारीक बारीक भोकं पडतात.

अजून एक. एप्रिल ते जून कोणत्याही युनिफॉर्मवाल्याला काम देऊ नकोस, १५ जूनच्या आसपास शाळा उघडतात, तुझे शंभर पीस टेबलाखाली जातील आणि फोन उचलणं बंद होईल. काकांच्या मनात वाईट काही नसतं पण शाळेची ऑर्डर त्यांचं वर्षाचं पोट आहे.

नाशकात शिवण्याचा फायदा मात्र मोठा आहे, टेबलाशी उभं राहता येतं. माझं मत : सॅम्पलचं काम, पॅटर्न, फिटिंगची ठोकाठोकी इथे कर आणि बल्क तिकडे टाक.

नॉयल
मी तिरुपूरहून माल मागवतो त्यामुळे पुढचं मी सांगतो, जरा लांबेल.

एजंटला आधी कापडाचा तुकडा कुरिअरने मागव, मीटरभर तरी, फोटोवर जाऊ नकोस. तुकडा आला की १० बाय १० सेंटीमीटरचा चौकोन नीट काप आणि सराफाकडे असतो तसल्या छोट्या काट्यावर ठेव. ग्रॅमला १०० ने गुणलं की जीएसएम. २.४ ग्रॅम भरलं तर २४०, २.१ भरलं तर तो तुला २१० देतोय आणि पैसे २४० चे घेतोय. चार-पाच ठिकाणचे चौकोन कापून बघ.

मग उरलेल्या कापडावर पक्क्या मार्करने उभं आडवं ५० सेंटीमीटर आख आणि घरच्या मशीनला तीनदा धू, वाळव, परत मोज. ४७.५ आलं तर ५ टक्के आटलं, इथपर्यंत लोक चालवून घेतात. ४६ च्या खाली गेलं तर कापडाचं कॉम्पॅक्टिंग, म्हणजे आधीच दाबून आटवून घेणं, नीट झालेलं नाही, तो रोल नकोच. एलची लांबी २९ इंच असेल तर ८ टक्क्यांनी सव्वादोन इंच गेले, ओव्हरसाइज कसला, पोट दिसेल.

शिवलेलं सॅम्पल आलं की तेही धू आणि सपाट टेबलावर पसर. बगलेखालची शिलाई सरळ खाली यायला हवी, ती फिरून पोटावर येत असेल तर कापडात पीळ आहे. सिंगल जर्सीमध्ये, म्हणजे टी-शर्टच्या साध्या निटिंगच्या कापडात, सुताच्या पिळामुळे हे थोडं होतंच पण इंचभराच्या वर फिरलं तर गिऱ्हाईक परत करणार. आणि गळ्याची रिब, म्हणजे ती ताणणारी पट्टी! रिब आणि बॉडीचं कापड एकाच लॉटमध्ये रंगवलेलं हवं. वेगळ्या लॉटची रिब लावली की ट्यूबलाइटखाली एकच दिसतं आणि गॅलरीत नेलं की बॉडी काळी आणि गळा चॉकलेटी. स्टॉकचं कापड घेतलंस तर हे मुद्दाम विचार, मॅचिंग रिब त्याच लॉटची आहे का.

ऑर्डरच्या कागदावर : कापडाचा प्रकार आणि जीएसएम, कमीजास्त ५ टक्के. आटणं जास्तीत जास्त ५ टक्के. प्रत्येक साइजचं माप तक्त्यात, छाती लांबी खांदा बाही गळा, कमीजास्त अर्धा इंच. साइजवार पीस. लेबल कुठे, किती अंतरावर. पीस कमीजास्त किती चालतील ते पण, कारण कापडातून नेमके ठरवले तेवढे कधीच निघत नाहीत, ५ टक्के इकडेतिकडे धरतात आणि जास्त निघाले तर बिल तुलाच लागतं. माल द्यायची तारीख. आणि सगळ्यात मुख्य, शेवटचं सॅम्पल तू पास केल्याशिवाय कटिंग करायचं नाही, हे वाक्य लिहूनच घे. तसे दोन पीस बनवून घे, एक सहीनिशी त्याच्याकडे, एक तुझ्याकडे. पुढे वाद झाला तर व्हॉट्सअ‍ॅपवरचे "ओके मॅडम" कामाला येत नाहीत, तो सहीचा पीस येतो.

निम्मे अ‍ॅडव्हान्स हे नेहमीचंच आहे, त्यात काही फसवणूक नाही, तो त्यातून कापड उचलतो. उरलेले निम्मे मात्र चेकिंगनंतर, माल निघायच्या आधी. स्वतः जाणं परवडत नसेल तर दिवसाच्या पैशावर चेकिंग करून देणारे लोक तिकडे असतात. एक्स्पोर्टवाल्यांच्या तक्त्याप्रमाणे समजा ४०० चा लॉट असला तर ५० पीस काढतात, एक्यूएल (दोष किती चालवून घ्यायचे ती पातळी) २.५ धरलं तर मोठे दोष ३ पीसपर्यंत पास, ४ सापडले की लॉट नापास. घरी आल्यावर मात्र तू ५० वर थांबू नकोस, सगळे उघडून बघ. आणि डिलिव्हरी जानेवारीच्या मध्यावर मागू नकोस, पोंगलला कामगार गावी जातात.

हिशोबवही
कागदपत्रांचं पटकन सांगते, बाकी आपापल्या सीएला विचारा. २२ सप्टेंबर २०२५ पासून २५०० रुपयांपर्यंतच्या कपड्याला पीसमागे ५ टक्के जीएसटी आहे, त्यावर १८. तुमचा टी-शर्ट ५ मध्येच बसतो. वर्षाला ४० लाखांच्या विक्रीपर्यंत नोंदणी नको ही मर्यादा ऐकून निवांत राहू नका, ती महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात विकलं तर. इन्स्टावरून बेंगळुरूच्या मुलीने एक टी-शर्ट मागवला की आंतरराज्य विक्री झाली, तिथे नोंदणी पहिल्या पीसपासून लागते. नोंदणी असली तर तिरुपूरच्या बिलावरचा टॅक्स पण वजा मिळतो, म्हणून ऑर्डर टाकायच्या आधी नंबर घ्या, नंतर नाही.

कापड तुम्ही घेऊन सातपूरला शिवायला दिलंत तर ते जॉबवर्क (आपल्या मालावर दुसऱ्याकडून मजुरीने काम), चलनावर कापड पाठवायचं, काका नोंदणीकृत असतील तर शिलाईवर ५ टक्के लावतील.

पॅकिंगवर एमआरपी, साइज, नग, बनवणाऱ्याचं किंवा विकणाऱ्याचं नाव-पत्ता, महिना-वर्ष, तक्रारीसाठी फोन-ईमेल हे सगळं हवं. आणि लेबल विणायला टाकण्याआधी ट्रेडमार्कच्या सरकारी साइटवर वर्ग २५ मध्ये तुमचं नाव शोधा. स्वतःच्या नावाने ऑनलाइन अर्ज केला तर एका वर्गाची फी ४५०० आहे. विणलेली लेबलं शंभर-दोनशे सहसा कोणी करून देत नाही, ती हजार नगांनी घ्यावी लागतात, आणि नाव दुसऱ्याचं निघालं तर ती हजार लेबलं तुम्ही कुठे लावणार?

रिकामटेकडा
बरं राहिलं, मी चांगला सल्ला देतो. २०२७ चा सिंहस्थ येतोय, भगवे टी-शर्ट काढा, गोदाघाट, त्र्यंबकेश्वर, कुंभ २०२७ असं छापून, पळतील.

कटिंगटेबल
@रिकामटेकडा पळतील, पण पंचवटीत तेव्हा पावलोपावली तेच असणार आणि निम्म्या किमतीत. ताई, नाशिकचं काही करायचं तर करा, पण साल छापू नका. साल छापलेला टी-शर्ट पुढच्या वर्षी फरशी पुसायला. आणि भगवा रंग स्टॉकमध्ये पाहिजे तसा मिळत नाही, परत डायिंगचा लॉट आला, परत ३०० पीस.

गंगापूररोडवाली
सगळ्यांचे खूप आभार, मी काल रात्री सगळं परत परत वाचलं. एजंटला आज विचारलं तर खरंच काळा आणि ऑफ व्हाइट तयार आहे म्हणाला, रिब त्याच लॉटची, रंगाला २०० पीस चालतील, रेट २७५. म्हणजे ४०० पीसचे १ लाख १० हजार, टॅक्स धरून १ लाख १५ हजार ५००. कापडाचा तुकडा पाठवतोय. साइज मी ४० एस, १२० एम, १२० एल, ८० एक्सएल, ४० डबल एक्सएल असे धरलेत, बरोबर आहे का? काकांकडे फ्लॅटलॉक नाही, पण पॅटर्न आणि पहिलं सॅम्पल करून द्यायला तयार आहेत. आणि उरलेले १ लाख ३४ हजार आहेत त्यात तिसरा रंग घेऊ का?

अंबडवाली
साइज ठीक. ओव्हरसाइजमध्ये लोक एक साइज खालचा घेतात त्यामुळे डबल एक्सएल ४० पण जास्तच वाटतात मला, दहा कमी करून एममध्ये टाक. तिसरा रंग अजिबात नको. प्रिंट, लेबल, पिशव्या, फोटो, कुरिअर, परत आलेला माल, सगळं त्यातूनच जाणार आणि काळा एम संपला की लगेच परत मागवायला पैसे हातात लागतील. चालू झालेला साइज महिनाभर नाही म्हटलं की गिऱ्हाईक दुसरीकडे जातं.

नॉयल
+१. आणि माल निघेल तेव्हाचं : बिल ५० हजारांच्या वर आहे आणि दुसऱ्या राज्यातून येतंय त्यामुळे ई-वे बिल (माल वाहतुकीचा जीएसटीचा ऑनलाइन परवाना) त्याने काढलेलंच पाहिजे, नंबर मागून घे. माल आला की खोकी मोजल्याशिवाय सही करायची नाही. एखादं ओलं, फाटलेलं दिसलं तर ट्रान्सपोर्टवाल्याच्या कॉपीवरच तसं लिहायचं आणि फोटो काढायचा, नंतर फोन करून काही होत नाही.

गंगापूररोडवाली
ट्रान्सपोर्टवाले घरी आणून देतात का?

नॉयल
बिल्टीवर, म्हणजे ट्रान्सपोर्टच्या पावतीवर, काय लिहिलंय त्यावर. एजंटला आत्ताच डोअर डिलिव्हरी लिहायला सांग, थोडे पैसे जास्त पडतील. नाहीतर गोडाऊनला स्वतः जायचं, आणि सव्वाशे किलोच्या आसपास माल आहे तो, स्कूटीवर नाही येणार. छोटा हत्ती सांगून ठेव.