खाली पार्किंगमध्ये काय चाललंय? (तिन्ही विंग, अधिकृत ग्रुप)

देशपांडे काकू, बी 104: कालपासून आमच्या बेडरूममध्ये पेट्रोलचा वास येतोय. खिडक्या लावून झोपलो. खाली कोण काय उद्योग करतंय हे समितीला माहीत आहे का? नाव घ्यायला लावू नका.

रोहन, ए 503: घ्या की काकू, उखाण्यात घ्या 😄

परांजपे (सचिव): सर्व सभासदांस नम्र विनंती, ग्रुपवर मर्यादा पाळावी. निखिल, खुलासा करावा.

निखिल, सी 302: सॉरी काकू. बाबांची मारुती 800 आहे ना, 2004 ची, ती निळा धूर मारते आणि ऑइल पिते. गॅरेजवाला नुसत्या इंजिन काढ-घालीचे जेवढे सांगतोय त्यात माझ्या पिस्टनच्या रिंगा येतील. म्हणून इंजिन मीच उतरवून सिलिंडर बोअरिंगवाल्याकडे नेणार. रविवारी एका दिवसाचं काम.

देशपांडे काकू, बी 104: तुमच्या बाथरूमचं कामही एका दिवसाचंच होतं. तुमच्या खालच्यांच्या छतावरचा ओघळ अजून आहे.

गोखले, ए 201: मुद्दा एवढाच की पार्किंग ही जागा वाहन उभं करण्यासाठी आहे, खोलण्यासाठी नाही.

सावंत काका, सी 101: निखिल, निळा धूर दिसला की लगेच इंजिन उतरवायचं नसतं रे. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजलंस का? आधी तसंच मोजायचं, मग प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून परत. आकडा चढला तर रिंगा गेल्या. जागचा हलला नाही तर व्हॉल्व्ह बघ, ते काम हेड उतरवून गाडीतच होतं.

निखिल, सी 302: मोजलं काका. तिन्ही सिलिंडर कमी, ऑइल सोडल्यावर तिन्ही चढले.

सावंत काका, सी 101: मग उतरव.

गोखले, ए 201: सावंत, तुम्ही परवानगी देणारे कोण? पुन्हा पाठवतो : पार्किंग ही जागा वाहन उभं करण्यासाठी आहे, खोलण्यासाठी नाही.

शिल्पा, बी 302: गोखले काका, मग तुमचं लोखंडी कपाट दोन वर्षं पार्किंगमध्ये उभं आहे, त्याचं पासिंग कुठल्या आरटीओत झालंय?

रोहन, ए 503: 😂😂😂

गोखले, ए 201: ते तात्पुरतं आहे.

आप्पा, ए 102: 🌹 शुभ सकाळ 🌹

सावंत काका, सी 101: पेट्रोलचा वास का आला ते सांग आधी.

निखिल, सी 302: काल पेट्रोलची नळी सोडली तर फवारा आला. खाली बाटली धरली होती, पण थोडं सांडलं.

सावंत काका, सी 101: ती एमपीएफआय, म्हणजे इंजेक्शनवाली गाडी आहे बाबा! नळीत प्रेशर असतं. पंपाची फ्यूज काढायची, इंजिन चालू करायचं, ते आपोआप बंद पडतं. मग बॅटरीची निगेटिव्ह सोडायची आणि शेवटी फडकं धरून नळी. दापोडीच्या एसटी वर्कशॉपमध्ये हे न करणाऱ्याला दिवसभर नुसते नटबोल्ट धुवायला बसवलं असतं मी. आणि बाटली कसली?

निखिल, सी 302: पाण्याची. प्लास्टिकची. मीटरच्या पॅनलखाली ठेवलीय.

परांजपे (सचिव): निखिल, ती बाटली आत्ताच्या आत्ता हलव. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत साचते. वर तिन्ही विंगचे मीटर आहेत. हे मी सचिव म्हणून बोलत नाही, भीती वाटते म्हणून बोलतोय.

देशपांडे काकू, बी 104: आणि वॉचमन मामा तिथेच बिडी ओढतात. मी सहा महिने सांगतेय.

निखिल, सी 302: हलवली. झाकणाच्या धातूच्या कॅनमध्ये ओतून, गेटबाहेर.

शिल्पा, बी 302: ते हिरवं पाणी काढणार आहेस ना रेडिएटरमधलं? उघडं ठेवू नकोस. कूलंट विषारी असतं, मांजरं चाटतात आणि मरतात. माझ्या बहिणीच्या सोसायटीत झालंय.

गोखले, ए 201: मांजरांना खायला घालणं हाच मुळात वेगळा विषय आहे.

शिल्पा, बी 302: काढूच नका तो विषय.

निखिल, सी 302: झाकणाच्या डब्यात काढतो ताई. इंजिन उचलायला चेन कप्पी भाड्याने मिळाली, एक टनाची. वर स्लॅबला हुक आहेच.

कुलकर्णी, ए 401: थांब!! तो हुक गणपतीच्या माळांसाठी मीच ठोकून घेतलाय. दोन इंचांचा फास्टनर आहे, माळा पेलतो, इंजिन नाही. आणि शेजारच्या ड्रेनेजच्या पाइपाकडे बघूही नकोस.

सावंत काका, सी 101: कप्पी टनाची असून उपयोग काय, टांगलीय कशाला ते बघतात. बोअरवेलची मोटार काढायला येतो ना, त्याच्याकडून लोखंडी तिवई आण, दिवसाच्या भाड्याने देतो. पेव्हर ब्लॉकवर पाय सरकतात, तिन्ही पाय खालून दोराने बांध. गाडी जॅकवर ठेवून खाली शिरायचं नाही. विटांवर तर नाहीच, वीट आधी न सांगता फुटते. गाडी टेकवायच्या लोखंडी घोड्या माझ्याकडे आहेत, घेऊन जा. सायलेन्सरच्या बोल्टना आज रात्रीच गंजाचं तेल सोड. इंजिन धरणारे माउंटिंगचे बोल्ट सगळ्यात शेवटी, साखळी ताणल्यावर. वीतभर उचललंस की थांब आणि चहूबाजूंनी बघ. एखादी वायर राहिलेली असतेच.

रोहन, ए 503: काका, रविवारी पोहे किती जणांचे सांगू?

परांजपे (सचिव): विशेष बाब म्हणून रविवारी 9 ते 5 परवानगी. लहान मुलांना खाली पाठवू नये.

गोखले, ए 201: माझा विरोध नोंदवावा. पार्किंग ही जागा

गोखले, ए 201: वाहन उभं करण्यासाठी आहे. (चुकून अर्धा गेला.)

*रविवार*

निखिल, सी 302: निघालं!!! 3:40. सावंत काका, कुलकर्णी काका, रोहन, खूप थँक्यू.

रोहन, ए 503: स्टार्टरची एक वायर राहिलीच होती. वीतभरावर थांबलो म्हणून दिसली. गोखले काकांनी टॉर्च धरला होता.

गोखले, ए 201: मी कपाट बघायला खाली आलो होतो.

देशपांडे काकू, बी 104: वास आला नाही आज. आभार. जळकं ऑइल गटारात नाही ना सोडलं?

निखिल, सी 302: नाही काकू, सगळं कॅनमध्ये आहे, गॅरेजवाला नेतो.

शिल्पा, बी 302: कॅनच्या अरुंद तोंडात थेट कसं काढलंत?

रोहन, ए 503: आधी परातीत घेतलं ना.

शिल्पा, बी 302: कुठल्या परातीत?

शिल्पा, बी 302: निखिल, मंडळाची महाप्रसादाची मोठी परात कुठे आहे?

निखिल, सी 302: *हा मेसेज हटवला गेला*