प्रतिसाद: स्कूटर, कडा आणि नाथसागर
दादा, "पाण्याखालची स्कूटर असली की पाय मारायलाच नको, आपल्या नाथसागरात आणा एखादी" हे तुमचं वाचून हसू आलं. पण हातात धरलेलं हे पंख्याचं यंत्र पाणबुड्याला ओढत नेतं, दम कमी लागतो, म्हणून टाकीतली हवाही पुरते, हे खरंच. माल्टाजवळ १९९८ मध्ये मुद्दाम बुडवलेलं 'उम एल फरूद' जहाज सुमारे ११० मीटर लांब, तळ ३६ मीटरवर. एवढं जहाज एका बुडीत फिरायला स्कूटर सोयीचीच.

खरी गोम परतीची आहे. स्कूटर झटक्यात लांब नेते आणि तिथंच बंद पडली तर? म्हणून हवेचा हिशेब पोहत परतायचं धरूनच करायचा, नाहीतर जोडीदारानं ओढून आणायची तयारी हवी. पाण्याखालच्या उभ्या कड्यालगत आणखी एक भानगड: ट्रिगर दाबलेला असताना स्कूटरचं तोंड वर झालं की माणूस भसकन वर येतो, डीकम्प्रेशनचे थांबे (अंगात मुरलेला वायू हळूहळू निघावा म्हणून वर येताना थांबायचं ते) राहतात बाजूला.

आता आपला नाथसागर. तळाला गोदावरीचा गाळ, त्यात मासेमारीची जाळी! स्कूटरचा पंखा फिरला की स्वतःचा हात दिसायचा नाही. धरणात गेलेली गावं बघायची हौस मलाही लई आहे, पण स्कूटर घरी ठेवून. शिवाय ते पक्षी अभयारण्य, आधी वनखात्याला विचारा.