टाय म्हणजे बरोबरी नाही, तर मग काय? (इंग्रजी कॉमेंट्रीतले शब्द)

रात्रजागा:
दोनेक वर्षं झाली फुटबॉल बघतोय. नियम कळतात, ऑफसाइडसुद्धा कळतं (आता कळतं), पण इंग्रजी कॉमेंट्री सुरू झाली की निम्मं डोक्यावरून जातं. इंग्रजी येत नाही असं नाही, शब्द ओळखीचेच असतात पण अर्थ भलताच निघतो. परवा मॅच २-० चालू होती आणि तो बाबा सारखा धिस टाय, धिस टाय करतोय. मी मित्राला म्हटलं अरे टाय कुठाय, दोन गोलनी पुढे आहेत ना हे, तर तो म्हणे झोपेत असेल कॉमेंटेटर. अजून काही शब्द लिहून ठेवलेत: बुक्ड, ब्रेस, वुडवर्क, पार्क द बस, सिक्स पॉइंटर. शेवटचा तर कहर आहे, जिंकल्यावर पॉइंट तीनच मिळतात मग सहा आले कुठून? कुणीतरी नीट समजावून सांगा, डिक्शनरी बघून झालीय.

मधली_फळी:
कॉमेंटेटर जागाच होता 😄 कपच्या नॉकआउटमध्ये दोन टीमची जी गाठ पडते तिला टाय म्हणतात, स्कोअर काहीही असो. दोन लेग असतील, म्हणजे दोघांच्या मैदानावर एकेक मॅच, तर दोन्ही मॅच मिळून एकच टाय, आणि दोन्हींच्या गोलची बेरीज म्हणजे ॲग्रिगेट. म्हणजे पहिला लेग १-३ हरलात आणि दुसरा २-० जिंकलात की ॲग्रिगेट ३-३. पूर्वी अशा वेळी परक्या मैदानावरचे गोल जास्त धरायचे, युरोपातल्या फुटबॉल संघटनेने, युएफाने, ती भानगड २०२१ मध्ये काढून टाकली, आता सरळ एक्स्ट्रा टाइम.
बरोबरीला शब्द आहे ड्रॉ. आणि कोण कुणाशी खेळणार याच्या चिठ्ठ्या काढतात त्यालाही ड्रॉच म्हणतात, तेव्हा "टफ ड्रॉ" ऐकलं तर मॅच बरोबरीत सुटली असं समजू नका, समोर तगडी टीम आलीय एवढंच.

बाकावरचा_११वा:
एक्स्ट्रा टाइम म्हणजे ९० मिनिटं झाल्यावर तो बोर्ड वर करून चार-पाच मिनिटं दाखवतात तेच ना?

मधली_फळी:
नाही नाही. तो ॲडेड टाइम किंवा स्टॉपेज टाइम, जुने लोक इंजुरी टाइम म्हणतात. वाया गेलेला वेळ भरून काढायचा, आणि तो प्रत्येक हाफला असतो. एक्स्ट्रा टाइम वेगळा, १५-१५ मिनिटांचे दोन हाफ, फक्त निकाल लावायलाच हवा असेल तेव्हा. गंमत म्हणजे एक्स्ट्रा टाइमलासुद्धा वर ॲडेड टाइम मिळतो.

ऑफसाइड_आजोबा:
मी हे शब्द पाठ करायचा नाद सोडला. त्या शब्दामागे एखादी वस्तू असते, ती डोळ्यासमोर आणली की अर्थ आपोआप येतो. बुक्ड म्हणजे काय, तर रेफरीने खिशातून वही काढली आणि नाव लिहिलं. पिवळं कार्ड त्याच्या कितीतरी नंतर आलं, १९७० च्या वर्ल्ड कपला. १९६६ ला इंग्लंड-अर्जेंटिना मॅचमध्ये रेफरी काय बोलतोय, कुणाला ताकीद दिलीय याचा कुणालाच पत्ता लागेना, अर्जेंटिनाचा कॅप्टन रॅटिन तर बाहेर काढल्यावर मैदान सोडायलाच तयार नव्हता. तेव्हा रेफरींचं काम बघणाऱ्या केन ॲस्टनला गाडी चालवताना सिग्नल बघून सुचलं की पिवळा आणि लाल, भाषा आलीच पाहिजे असं नाही. पण वही गेली नाही, अजूनही पिवळं दाखवलं की रेफरी नोंद करतो आणि कॉमेंटेटर म्हणतो ही इज बुक्ड.
वुडवर्कचं तसंच. गोलचे खांब पूर्वी लाकडाचे होते, आता धातूचे, आपटल्यावर ठण्ण आवाज येतो तरी ही हिट्स द वुडवर्क. कॅपसुद्धा खरी टोपी, इंग्लंडच्या असोसिएशनने १८८६ मध्ये देशाकडून खेळणाऱ्याला टोपी द्यायचं ठरवलं, म्हणून आज शंभर कॅप्स म्हणजे देशासाठी शंभर मॅचेस.
ब्रेस हा शिकाऱ्यांचा शब्द, मारलेल्या पक्ष्यांची जोडी. एकाच खेळाडूचे दोन गोल झाले की ब्रेस. तिसरा झाला की हॅटट्रिक, आणि ती आली क्रिकेटमधून, १८५८ ला स्टीफनसन नावाच्या बोलरने तीन चेंडूंत तीन विकेट काढल्या तेव्हा वर्गणी करून त्याला हॅट दिली होती. फुटबॉलने शब्द उचलला, हॅट तिथेच राहिली.

बाकावरचा_११वा:
आजोबा एक नंबर 🙏 क्लीन शीटचं मी सांगतो, आपली पाटी कोरी. एकही गोल खाल्ला नाही.

गोलपोस्ट_वहिनी:
सिक्स पॉइंटर राहिलाच की. समजा तुम्ही आणि मी दोघंही ३० पॉइंटवर आहोत आणि आपलीच मॅच आहे. मी जिंकले तर मी ३३ तुम्ही ३०, म्हणजे मी तीनने पुढे. हरले तर मी तीनने मागे. तीन पुढे ते तीन मागे, फरक किती झाला? सहा. टेबलमध्ये शेजारी शेजारी असलेल्या टीमची मॅच असली की हा शब्द हमखास येतो, विशेषतः खालच्या टोकाला जिथे लीगमधून बाहेर पडायची भीती असते.
पार्क द बस म्हणजे सगळेच्या सगळे गोलपुढे ठाण मांडून बसणार, जिंकायचं नाही आणि जिंकूही द्यायचं नाही. हा वाक्प्रचार गाजवला चेल्सीचा तेव्हाचा कोच मोरिन्होने, २००४ ला चेल्सी-टॉटनहॅम ०-० सुटली तेव्हा वैतागून म्हणाला की त्यांनी बस आणली आणि गोलसमोर उभी केली, आमच्या पोर्तुगालमध्ये असंच म्हणतात. पुढे लोकांनी तोच शब्द त्याच्याच टीमला चिकटवला, करावे तसे भरावे!

रात्रजागा:
सगळ्यांना धन्यवाद, वही भरली. मित्राला टायचं सांगितलं तर म्हणतो मला माहीत होतं 😑
एक शेवटचं. स्ट्रायकरला क्लिनिकल का म्हणतात? मी इतके दिवस समजत होतो दुखापतीतून उठून आलाय.

ऑफसाइड_आजोबा:
उलट. सर्जनसारखा. एकच चान्स, एकच काप, काम तमाम. आणि समोर उघडा गोल असून जो बाहेर मारतो त्याने सिटर घालवला, अगदी हातातला झेल सोडल्यासारखा.

गोलपोस्ट_वहिनी:
आमच्या टीमचा स्ट्रायकर दुसऱ्या प्रकारातला आहे, त्याच्यासाठी अजून एखादा शब्द असेल तर सांगा, इथे लिहिता येईल असा.