तुमच्या वर्कशॉपच्या हत्यारांच्या यादीत कानस (फाइल) राहिली की!

यादीत ग्राइंडरला पहिला नंबर दिलाय, तो पटला. आमच्या कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत कास्टिंग (ओतीव भाग) साच्यातून निघालं की फेटलिंगला, म्हणजे त्याच्यावरचा जादा धातू काढायला, तोच लागतो. पण गार्ड (डिस्कवरचं संरक्षक झाकण) काढून चार इंची ग्राइंडरवर सात इंची डिस्क कृपा करून चढवू नका. त्या डिस्कवर साधारण ८,५०० आरपीएमची (मिनिटाला फेऱ्यांची) मर्यादा छापलेली असते आणि चार इंची मशीन ११,०००च्या आसपास फिरतं. डिस्क फुटली तर तुकडा थेट तोंडावर!

आणि कानस कशी विसरलात? मशीनिंगनंतर कडेची बर (धातूची धारदार कंगोरी) काढायला तिच्यासारखं हत्यार नाही. पुढे ढकलताना दाब द्यायचा, मागे घेताना उचलायची, नाहीतर दात लवकर बोथट होतात. दातांत कीस अडकला की तारेच्या ब्रशने झाडायचा. बिनमुठीची तर वापरूच नका, तिचं मूठ बसवायचं टोकदार शेपूट तळहातात घुसतं.